मराठीत पटकथा लिहायचं सॉफ्टवेअर : सीझनभर वापरल्यावरचा अनुभव, आणि त्या @ नं खाल्लेलं डोकं

आधीच सांगून ठेवतो, मी मुंबईवाला लेखक नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा साइडचा माणूस आहे, झाडीपट्टीची म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातली नाटकं लिहितो, सोबत धानाची शेती, आणि इतक्यात नागपूरच्या काही पोट्ट्यांसाठी शॉर्टफिल्मच्या पटकथा पण लिहून राहिलो. ही सॉफ्टवेअरं काय करतात ते तुम्हाला माहीत आहे असं धरूनच बोलतो, फीचरची यादी पाहिजे असंल तर त्यांच्या त्यांच्या साइटवर जा.

लिहायला बसायचं कारण असं की मी ज्या ऑनलाइन सॉफ्टवेअरवर होतो (नाव घेत नाही, परदेशी आहे) त्यानं ऐन दिवाळीच्या तोंडावर माझं खातं अडकवलं. स्क्रिप्ट दिसते पण हात लावता येत नाही, पीडीएफ काढायचं बटणसुद्धा बंद. झालं काय, की वर्षाचे पैसे भाच्याच्या कार्डातून कटायचे होते ते कटलेच नाहीत. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, असे आपोआप कटणारे पैसे आधी कळवल्याशिवाय आणि तुमची परवानगी नोंदवल्याशिवाय कटत नाहीत, चांगलाच नियम आहे, पण त्या कंपनीचं आणि आमच्या बँकेचं त्यात जुळलंच नाही. म्हणजे मी द्यायला तयार, ते घ्यायला तयार, आणि मधात नाटक लटकलेलं. मेल टाकला तर उत्तर आलं ब्राउझरची कॅशे साफ करा. परत टाकला, तर दुसऱ्याच नावाच्या माणसानं तेच सांगितलं. इकडं भाऊबीज झाली की मंडया (गावोगावच्या जत्रा, त्यातच ही नाटकं होतात) सुरू, आणि नाटक कंपनीचा मालक वडशाहून रोज फोन करून राहिला, "लेखकजी, दुसरा अंक कुठं अडला जी?" शेवटी स्क्रीनचे मोबाइलवर फोटो काढले आणि भाच्याला बसवून सगळं परत टाइप करून घेतलं. पोट्ट्यानं हजार रुपये घेतले, ते वेगळे.

तेव्हापासून माझी एकच अट, फाइल माझ्या लॅपटॉपमध्ये पाहिजे आणि लाइन गेली, टॉवर गेलं, पैसे संपले तरी ती उघडली पाहिजे.

आता फायनल ड्राफ्ट नावाचं सॉफ्टवेअर म्हणसाल तर त्याची किंमत अडीचशे डॉलरच्या आसपास, म्हणजे वीस हजाराच्या वर. मोठ्या प्रॉडक्शनमध्ये तेच मागतात हे मान्य, पण मला कोण मोठं प्रॉडक्शन विचारून राहिलं? फेड इन त्याच्यापेक्षा बरंच स्वस्त, ऐंशी डॉलरच्या जवळपास आणि एकदाच भरायचे, तरी ते पण डॉलरच. बेंगळुरूचं स्क्राईट आहे, आपल्या भाषांचा विचार करूनच बनवलेलं, मराठी थेट लिहिता येते, सीनचे कार्ड मांडून पाहता येतात. ज्याचा लॅपटॉप नवा आहे त्यानं आधी तेच बघावं, माझा सेकंडहँड आहे, त्याला नोटपॅडच्या वरचं काही झेपत नाही. म्हणून मी आलो फाउंटनवर.

फाउंटन म्हणजे सॉफ्टवेअर नाहीच खरं तर, लिहायची एक पद्धत आहे. जॉन ऑगस्ट आणि स्टू माश्विट्झ या अमेरिकेतल्या लोकांनी २०१२ मध्ये बाहेर काढली. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहायचं, ठरलेल्या खुणा पाळायच्या, मग कोणतंही फाउंटनवालं ॲप ती फाइल वाचून सीन, पात्र, संवाद आपोआप जागेवर बसवते. फुकट. कायमचं फुकट. इथवर मी खूश होतो.

आणि मग पात्राचं नाव आलं.

फाउंटनला पात्र कसं ओळखू येते, तर ती ओळ सगळी कॅपिटल अक्षरात असते म्हणून. आता देवनागरीत कॅपिटल कुठून आणू बाप्पा? त्यासाठी त्यांनी सोय ठेवली, की नावाच्या आधी @ टाका, मग कसंही लिहा, आम्ही पात्र समजू. सीनचं पण तसंच, इंग्रजीतली आत-बाहेरची खूण (INT./EXT.) आपल्याकडं नसते म्हणून ओळीच्या सुरुवातीला टिंब द्या, '.वाड्याच्या आत - रात्र' असं. टिंबाचं काही वाटलं नाही, टिंब कीबोर्डवर असते. पण मी इनस्क्रिप्टवर, म्हणजे सरकारी मराठी कीबोर्डवर टाइप करतो, टायपिंगचा क्लास लावून शिकलो, आणि इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट दाबून २ दाबलं की @ येत नाही, ॅ येतो, तो ॲपवरचा अर्धचंद्र. म्हणजे प्रत्येक संवादाच्या आधी कीबोर्ड इंग्रजी करा, @ टाका, परत मराठी करा, नाव लिहा. आमच्या नाटकात पात्रं एकेका शब्दाचं बोलतात. "काहून?" "असंच." "सांग ना." "नाई सांगत." एवढ्यासाठी आठ वेळा कीबोर्ड बदलायचा. भांडणाचा सीन आला की माझाच जीव वरखाली होत होता, लिहिण्याची लय राहतच नाही. पहिले कित्येक दिवस मी घरात सगळ्यांना या @ बद्दल ऐकवलं, बायको म्हणाली पेनानं लिहा, पेनाला कीबोर्ड नसते.

तोडगा भाच्यानंच काढला (या वेळी फुकट). म्हणे, "मामाजी, कशाला तरास घेता, तुम्ही नावापुढं कोलन टाकता ना, तसंच टाका." आम्ही हातानं लिहिताना नाव आणि कोलन असंच लिहितो. इनस्क्रिप्टमध्ये कोलन नाही, पण शिफ्ट दाबून - दाबलं की तसाच दिसणारा विसर्ग (ः) येतो, तर आता मी 'सरपंचः' असं लिहून खालच्या ओळीत संवाद लिहितो, आणि अंक संपला की नोटपॅड प्लस प्लस या फुकटच्या ॲपमध्ये रिप्लेसची खिडकी उघडून, खाली रेग्युलर एक्सप्रेशनवर (खुणांनी शोधायची सोय) टिक करून, वर ^(.+)ः$ आणि खाली @\1 टाकतो. एका बटणात सगळ्या ओळीतला विसर्ग जाऊन समोर @ लागते. फक्त एखादा संवाद विसर्गावर संपत असंल तर तो पण पात्र होऊन बसते, 'ऐका मंडळी' नावाचं एक पात्र माझ्या नाटकात असंच घुसलं होतं. आणि नावाच्या आधी रिकामी ओळ पाहिजे, नावाच्या नंतर नको, नाहीतर फाउंटनला कळत नाही. फाइल सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ च निवडा, जुन्या विंडोजच्या नोटपॅडवर आन्सी या जुन्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह झाली की सगळे प्रश्नचिन्ह होतात.

आता मजा ऐका. ज्या @ ला मी शिव्या घालत होतो तेच कामाला आलं. झाडीपट्टीत कलाकार संवाद मोजतात. "माझ्यापेक्षा त्याला जास्त दिले" हे भांडण तालमीत ठरलेलं, त्यात नाइटचे, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे ठरलेले असले तरी रोल छोटा दिसला की माणूस फुगून बसते. आता मी नोटपॅड प्लस प्लसमध्ये '@सरपंच' शोधून काउंट दाबतो, आकडा समोर. '@पाटील' शोधतो, आकडा समोर. व्हिलनवाल्याला दाखवलं, तो गप. ज्यांची नावं एकसारखी सुरू होतात तिथं जरा सांभाळा, राजा मोजायला गेलं तर राजाराम पण त्यात येते. तर @ वरचं माझं मत बदललं, पण पूर्ण नाही, ते शेवटी सांगतो.

पीडीएफचा त्रास वेगळा. एका मोफत ॲपातून थेट पीडीएफ काढली तर पानभर चौकोन आले. पटकथेचा ठरलेला फॉन्ट कुरिअर, त्यात देवनागरी नसतेच, म्हणून. यावर उपाय असा की ॲपातून एचटीएमएल (वेबपेजची फाइल) काढायची, ती क्रोममध्ये उघडायची आणि तिथून प्रिंट दाबून पीडीएफ म्हणून सेव्ह करायची. ब्राउझर आपला निर्मला नाहीतर नोटो फॉन्ट लावून जोडाक्षरं नीट बसवते, 'कृष्णा'चे तुकडे होत नाहीत. कागद ए४ ठेवा, अमेरिकन लेटर साइज आपल्या प्रिंटरवाल्याकडं नसते. आणि प्रॉम्प्टरसाठी (विंगेतून संवाद सांगणाऱ्यासाठी) तीच फाइल मोठ्या अक्षरात काढून देतो, रात्री विंगेत बल्बच्या उजेडात बारीक अक्षर दिसत नाही. एवढं झाल्यावर प्रॉम्प्टर म्हणाला की पहिल्यांदा लेखकाचं अक्षर वाचता आलं.

तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडं मात्र ही फाइल नेऊ नका, कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टवर त्यांचं काम चालते, ते युनिकोड नाही, फाइल बदलून घ्यायचे पैसे वेगळे लावतात.

एक पान म्हणजे एक मिनिट हा जो हिशेब नागपूरचे पोट्टे लावतात तो मराठीत धरू नका. तो १२ पॉइंट कुरिअरचा आहे, त्यात सगळी अक्षरं एका रुंदीची, इंचात दहा. आपल्याकडं 'र' केवढा आणि 'क्ष' केवढा, वरून वेलांट्या, खालून उकार, त्यामुळं ओळी पण मोकळ्या सोडाव्या लागतात. मी मोबाइलवर घड्याळ लावून मोठ्यानं वाचतो. मुंबईत संवाद रोमनमध्ये लिहायची पद्धत आहे त्यामुळं त्यांना हे काहीच नडत नाही, आमच्या कलाकाराला रोमनमध्ये 'बाळ' दिलं तर तो 'बाल' म्हणून येईल स्टेजवर.

राहिलं ते @ चं, म्हणजे त्याच्यासारख्याच दुसऱ्या एका खुणेचं. दोन पात्रं एकाच वेळी बोलतात असं दाखवायचं असंल तर दुसऱ्या नावाच्या शेवटी ^ ही खूण द्यावी लागते, आणि इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट दाबून ६ दाबलं की येतो त्र. नवराबायकोच्या भांडणाशिवाय आमचं एक नाटक होत नाही आणि त्यात दोघं एकदमच बोलतात, तिथं अजून पण कीबोर्ड बदलत बसतो. भाच्याला विचारलं तर तो म्हणते याचे पैसे लागतील. कोणाकडं फुकटचा उपाय असंल तर सांगा जी, होळीपर्यंत सीझन आहे आणि तिसऱ्या अंकात असे लय सीन आहेत.