चुंबकीय उत्तेजन उपचार: यंत्र नीट चालले, दारूचा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला

विसराळूपणा वाढल्यामुळे माझ्या काकांना आम्ही एका खासगी केंद्रात आरटीएमएस उपचारासाठी नेत होतो. डोक्यावर कॉइल ठेवून चुंबकीय स्पंदांनी मेंदूच्या ठरावीक भागाला उत्तेजन देण्याची ही पद्धत आहे. काका सत्तरीच्या पुढचे आहेत आणि निवृत्तीनंतर त्यांचे पिणे वाढत गेले आहे. केंद्राचे नाव मी देत नाही, कारण माझा आक्षेप वृद्धांना ‘स्मरणशक्ती वाढवण्यासाठी’ ही सेवा ज्या पद्धतीने दिली जाते, त्या पद्धतीवर आहे.

तंत्रज्ञ कामात पक्का होता, हे आधी सांगितले पाहिजे. पहिल्याच भेटीत त्याने मेंदूच्या हालचाली सांभाळणाऱ्या भागावर कॉइल धरून एकेक स्पंद दिला आणि विरुद्ध बाजूच्या हाताचा अंगठा किंचित उडेपर्यंत तीव्रता हळूहळू वाढवत नेली. रुग्णाची मात्रा याच मोजमापावरून ठरते, त्यामुळे ही पायरी घाईत उरकली तर पुढचे सगळे उपचार अंदाजाने होतात. मग टोपीवर खूण करून त्याने कॉइल कपाळाच्या वर डाव्या बाजूला आणली. कॉइलचा टकटक आवाज बराच मोठा असतो, म्हणून दर वेळी कानात बोळे घालायला तो विसरला नाही. टाळूवर टोचल्यासारखे वाटणे आणि कधीतरी डोके दुखणे यापलीकडे काकांना त्रास झाला नाही.

अडचण अर्जापासून सुरू झाली. डोक्यातील धातू, पेसमेकर, कॉक्लियर इम्प्लांट, पूर्वी आलेली आकडी हे सगळे अर्जात तपशिलाने विचारले होते. मद्यपानासाठी मात्र एकच ओळ आणि तीन चौकोन होते: कधीच नाही, कधीकधी, नेहमी. काकांनी मधल्या चौकोनात खूण केली. ते रोज संध्याकाळी पितात हे मी तिथल्या डॉक्टरांना स्वतः सांगितले, तेव्हा ‘उपचार चालू आहेत तोवर बंद ठेवा’ एवढेच उत्तर मिळाले.

हे उत्तर मला अतिशय बेजबाबदार वाटते. अनेक वर्षे रोज पिणाऱ्या माणसाने दारू एकदम थांबवली तर पहिल्या दोन दिवसांत आकडी येण्याचा धोका असतो, आणि आरटीएमएसचा सर्वांत दुर्मीळ पण सर्वांत गंभीर दुष्परिणामही आकडी हाच आहे. हे दोन धोके एकाच आठवड्यात एकत्र आणायचे नसतात. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दारू देखरेखीखाली, औषधांच्या आधाराने बंद करवली आणि थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व सुरू केले, म्हणून निभावले. दीर्घकाळ पिणाऱ्यांमध्ये स्मृतीचे कायमचे नुकसान होऊ शकते, हे वैद्यकशास्त्राला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रशियन डॉक्टर कोर्साकॉफ यांनी केलेल्या वर्णनापासून परिचित आहे, आणि त्यामागे थायमिनची कमतरता असते हे नंतर कळले. स्मरणशक्तीच्या केंद्रात हा विषय कोणीही काढला नाही.

केंद्राचे पत्रक वाचून असे वाटते की स्मरणशक्तीचा प्रश्न संशोधनाने सोडवलाच आहे. प्रत्यक्षात चित्र बरेच मर्यादित आहे. चुंबकीय उत्तेजन शेफील्डमध्ये अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी 1985 मध्ये दाखवले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला 2008 मध्ये नैराश्यासाठी, 2018 मध्ये मंत्रचळासाठी आणि 2020 मध्ये धूम्रपान सोडण्यासाठी मान्यता दिली. मद्यासक्तीवर अभ्यास चालू आहेत. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मेंदूच्या मध्यभागी खोलवर पोचणाऱ्या कॉइलने उत्तेजन दिलेल्या गटात अतिमद्यपानाचे दिवस बनावट उत्तेजन मिळालेल्या गटापेक्षा कमी झाले, आणि मला हा निष्कर्ष खरोखर आशादायक वाटतो. वृद्धांच्या स्मृतीबद्दलचा बोस्टन विद्यापीठाचा 2022 चा प्रयोगही महत्त्वाचा आहे: 65 ते 88 वर्षे वयाच्या लोकांना चार दिवस रोज 20 मिनिटे उत्तेजन दिल्यावर शब्द आठवण्यातील सुधारणा महिनाभर टिकली. पण ते उत्तेजन सौम्य प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहाचे होते, चुंबकीय नव्हते, आणि सहभागी निरोगी होते. रोज पिणाऱ्या वृद्धाला त्याच फायद्याचे आश्वासन देण्यास त्यातून आधार मिळत नाही.

उपचार संपल्यावर काकांचे स्मृतिचाचणीचे गुण वाढलेले दाखवले गेले. काका पूर्वीपेक्षा तरतरीत दिसत होते, यात शंका नाही. पण त्या काळात त्यांनी दारू सोडली होती, आणि दारू थांबल्यावर काही आठवड्यांत व महिन्यांत लक्ष व स्मृती अंशतः सुधारते हे स्वतंत्रपणे माहीत आहे. शिवाय दोन्ही वेळा चाचणीत तेच पाच शब्द विचारले गेले, ते काका घरी जाताना मला म्हणूनही दाखवत असत. अशा चाचण्यांचे पर्यायी नमुने उपलब्ध असतात. ते वापरले असते, आणि आधीच्या काही आठवड्यांतील मद्यपान दाखवणारी रक्तचाचणी करून रोजच्या पिण्याची तारीखवार नोंद ठेवली असती, तर वाढलेल्या गुणांना काही अर्थ राहिला असता.

वृद्धांच्या बाबतीत हा तपशील अधिकच महत्त्वाचा ठरतो. वयानुसार शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते, त्यामुळे तेवढीच दारू रक्तात जास्त चढते, आणि झोपेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांशी तिचा संबंध येतो तो वेगळाच. म्हणूनच अमेरिकेच्या मद्यपानविषयक राष्ट्रीय संस्थेने 65 वर्षांवरील, औषधे न घेणाऱ्या निरोगी व्यक्तींसाठीही आठवड्याला सात पेयांची मर्यादा सुचवली होती, आणि त्यातले एक पेय म्हणजे 14 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. काकांचे माप त्याच्या कितीतरी पुढे होते, आणि ते अर्जातल्या ‘कधीकधी’मध्ये दडून गेले.

नैराश्यासाठी या केंद्राकडे जाणाऱ्याला मी अडवणार नाही, कारण यंत्र आणि ते चालवणारे हात चांगले आहेत. स्मरणशक्तीसाठी, आणि तेही पिणाऱ्या ज्येष्ठांना घेऊन, जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. ‘परिणाम टिकवण्यासाठी’ पुढची सत्रे घ्यावीत असा केंद्राचा आग्रह होता. आम्ही ती घेतली नाहीत. काका आता व्यसनमुक्तीच्या समुपदेशनाला जातात आणि त्यांची स्मृतिचाचणी काही महिन्यांनी दुसऱ्या शब्दांनिशी, दुसऱ्या ठिकाणी होणार आहे.