रानसशाच्या मटणासाठी घेतलेला थर्मामीटर: ४ स्टार

सुई असलेला डिजिटल थर्मामीटर आहे, मस्त चालतो. रानससा फक्त थंडीतच खावा असं म्हणतात ना, त्यात तथ्य आहे, कारण थंडीत गोचिड्या-पिसवा कमी होतात आणि टुलारेमिया (माणसालाही होणारा जंतूंचा आजार) बहुतेक त्यांच्यातूनच सशांत पसरतो, पण म्हणून थंडीतला ससा डोळे झाकून खायचा असं नाही, आजारी ससा कुठल्याही महिन्यात मिळू शकतो. खरा बचाव शिजवण्यात आहे, आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअस झालं पाहिजे, आणि फ्रीजरच्या भरवशावर तर अजिबात राहू नका, हा जंतू गोठूनही जगतो.

सुई मांडीच्या जाड भागात खुपसा, हाडाला टेकली तर आकडा चुकतो. ५-६ सेकंदात रीडिंग येतं. एक स्टार कापला कारण सुई जरा जाड आहे, सशाच्या पाठीचं मटण किती पातळ असतं!

बाकी साफ करतानाचा धोका याने टळत नाही हां. हातमोजे घालाच, नुसत्या हातावरच्या बारीक जखमेतूनही लागण होते, आणि काळजावर (यकृतावर) पांढरे ठिपके दिसले तर थर्मामीटर बाजूला ठेवा नि सरळ ससाच टाकून द्या.