वॉर्ड की उपकेंद्र? बी.एस्सी. नर्सिंगनंतर कुठे जावं

खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स व्हायचं की गावातल्या आरोग्य उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ? 2018 मध्ये आयुष्मान भारत ही केंद्राची आरोग्य योजना आल्यापासून हा प्रश्न नर्सिंगच्या प्रत्येक बॅचला पडतो. मी उपकेंद्र निवडलं, त्यामुळे माझा कल कुठे आहे हे आधीच सांगितलेलं बरं.

पैशांचं पटकन उरकतो. सीएचओला महिना 25,000 मानधन आणि कामावर आधारित मोबदला 15,000 पर्यंत, नोकरी कंत्राटी. सरकारी रुग्णालयातल्या कायम अधिपरिचारिकेचं, म्हणजे स्टाफ नर्सचं, मूळ वेतनच 35,400 पासून सुरू होतं, भत्ते वेगळे. तसं नेमणुकीचं पत्र हातात असेल तर ते सोडू नका, असंच मी म्हणेन.

वॉर्डात हात तयार होतो. कॅन्युला, इन्फ्युजन पंप, व्हेंटिलेटर, क्रॅश कार्ट (तातडीच्या औषधांची ट्रॉली) ही सवय उपकेंद्रावर वर्षभरात सुटते. आखातात किंवा जर्मनीला जायचं असेल, किंवा पुढे क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम करायचा असेल, तर आधी दोन वर्षं आयसीयूत काढलेली बरी.

माझा निर्णय मात्र एकाच त्रासावर झाला: तोंडी ऑर्डर. रात्री अडीचला बीपी 190/110. फोन केला की डॉक्टर औषध सांगतात, तुम्ही देता. नियम सगळ्यांना पाठ आहे: ऑर्डर ऐकताच लिहायची, औषधाचं नाव, मात्रा आणि मार्ग परत वाचून दाखवायचा, वेळ टाकायची, शक्यतो दुसऱ्या सिस्टरला ऐकवायचं आणि ठरलेल्या मुदतीत, बहुधा 24 तासांत, डॉक्टरांची सही घ्यायची. घोळ सहीपाशी होतो. सकाळी युनिट बदलतं, सांगणारे डॉक्टर दुपारी येतात आणि सहीची जागा कोरीच राहते. पुढे काही बिघडलं तर केसपेपरवर फक्त नर्सचं अक्षर असतं. इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम क्लोराइड अशा, मात्रा चुकली तर जिवावर बेतणाऱ्या औषधांच्या बाबतीत हे फार धोक्याचं आहे. फोनवर ‘पंधरा’ आणि ‘पन्नास’ सारखंच ऐकू येतं, म्हणून आकडा सुटा करून, ‘एक-पाच’ असा, वाचून घ्यावा.

उपकेंद्रावर अधिकार लहान आहेत, पण कागदावर आहेत. तिशीच्या पुढच्यांची बीपी, मधुमेहासारख्या आजारांसाठी तपासणी सीएचओ करतो. बीपीची गोळी सुरू करणं वैद्यकीय अधिकाऱ्याचं काम. ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या व्हिडिओ-सल्ला सेवेवर, रुग्ण डॉक्टरांसमोर बसवला की डॉक्टरांच्या नावाचं प्रिस्क्रिप्शन सिस्टिमवर येतं, गोळ्या त्यावरून द्यायच्या. पुढच्या महिन्यांच्या गोळ्या तुमच्या हातून जातात, म्हणून कोण आला नाही हेही तुम्हालाच आधी कळतं. बीपीच्या एमलोडिपीनच्या, रोज एक अशा, 30 गोळ्या नेलेला माणूस चाळीस दिवसांनी उगवला, तर मधले दहा दिवस त्याने गोळी घेतलेली नाही. हे वॉर्डात कधी दिसत नाही.

तिथले त्रासही खरे आहेत. मोबदला पोर्टलवरच्या नोंदींवर ठरतो. काम झालं आणि नोंद राहिली तर पैसे कापले जातात. म्हणून एनसीडीची, म्हणजे बीपी, मधुमेहासारख्या असंसर्गजन्य आजारांची, नोंद रुग्ण समोर असतानाच करावी, संध्याकाळवर ढकलू नये. ग्लुकोस्ट्रिपच्या डबीवर उघडल्याची तारीख लिहावी. गोळ्यांचा साठा महिनाभराचा उरला की लगेच मागणी द्यावी, संपायची वाट पाहू नये. आणि वीस वर्षं त्याच गावात काढलेल्या आरोग्य सेविकेला पहिल्या आठवड्यात सूचना द्यायला जाऊ नये. लसीकरणाचं सत्र तिच्याच नियोजनाने चालू द्यावं. कुठल्या वस्तीत कोण गरोदर आहे हे तिला रजिस्टर न उघडता सांगता येतं.

हातांना यंत्रांची ओढ असेल तर वॉर्ड. आपलं काम आपल्याच नोंदीत दिसावं असं वाटत असेल तर मी उपकेंद्र सुचवेन, तेही सीएचओसाठी लागणाऱ्या प्रशिक्षणाची तयारी असेल तर. पदस्थापनेच्या समुपदेशनाला जाण्याआधी यादीतल्या दोन-तीन गावांना स्वतः जाऊन या. मोबाइलला रेंज किती आहे, पाणी आहे का, राहण्याची खोली कुलूपबंद होते का आणि पावसाळ्यात 102 ची रुग्णवाहिका दारापर्यंत येते का, एवढं पाहा.