फिरतीवर वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी ह्यूगो आणि क्लाउडफ्लेअर पेजेस: मराठवाड्यातल्या कामाच्या मापाने

चार दिवस पैठण, पुढचे चार अंबाजोगाई, तिथून नांदेड. असं सतत फिरत राहून वेबसाइट बनवण्यावर पोट भरायचं, तर अवजार निवडताना दोन प्रश्न आधी विचारावे लागतात. रेंज नसताना काम चालू राहतं का? आणि आपण एसटीत असताना ग्राहकाची साइट बंद पडण्याची भीती किती? ह्यूगो (लॅपटॉपवर साइटची पानं तयार करणारा प्रोग्रॅम) आणि क्लाउडफ्लेअर पेजेस (ती पानं इंटरनेटवर ठेवणारी सेवा) ही जोडी या दोन्ही प्रश्नांना पुरून उरते. दुकानदाराला स्वतःच्या हाताने साइटवर बदल करायचा असेल, तिथे मात्र ती कमी पडते. ते पुढे येईलच.

ह्यूगो हा गो भाषेत लिहिलेला मोफत प्रोग्रॅम, २०१३ पासून चालू आहे. मार्कडाउनमध्ये (साध्या खुणांनी मांडणी दाखवण्याची पद्धत) लिहिलेला मजकूर आणि थीम (साइटचं तयार रूप) घेऊन तो एचटीएमएलची तयार पानं काढून देतो. डेटाबेस नाही, पीएचपी नाही, दर आठवड्याला अपडेट मागणारे प्लगइन नाहीत. वीस-तीस पानांची साइट जुन्या लॅपटॉपवरही डोळ्याची पापणी लवते न लवते तोच तयार होते. ह्यूगोचा सर्व्हर चालू केला की १३१३ पोर्टवर तीच साइट ब्राउझरमध्ये दिसते, आणि हे सगळं नेट बंद ठेवून. फक्त थीम आधीच प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये उतरवून ठेवा. फॉन्ट आणि सीएसएस (पानाच्या रंगरूपाची फाइल) बाहेरच्या सीडीएनवरून (फाइल पुरवणाऱ्या सर्व्हरवरून) येत असतील तर तेही फोल्डरमध्ये आणा, नाहीतर रेंज गेली की पान उघडं-बोडकं दिसतं आणि आपण नसलेली चूक शोधत बसतो.

फिरतीवरच्या माणसाला या जोडीचा खरा आधार मिळतो तो गिटमुळे, म्हणजे फाइलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅममुळे. मनमाड-नांदेड मार्गावरच्या गाडीत बसून दिवसभर बदल करा, तिथेच कमिट (बदलाची लॅपटॉपवर नोंद) करत राहा, आणि रेंज आली की एकदाच पुश करा, म्हणजे गिटहब या गिटच्या ऑनलाइन कोठारात चढवा. तिथून क्लाउडफ्लेअर ते उचलून साइट नव्याने तयार करतं, त्याला बिल्ड म्हणतात. मजकुराचा बदल काही केबींचाच असतो. पुश अर्ध्यात तुटला तर तो पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो, पण तोवर जुनी साइट जशीच्या तशी चालू राहते. एफटीपीने (फाइल थेट सर्व्हरवर पाठवण्याची पद्धत) फाइल चढवताना नेट गेलं की निम्मी साइट नवी आणि निम्मी जुनी असा घोळ होतो. इथे पूर्ण बिल्ड यशस्वी झाल्याशिवाय नवं काही दिसतच नाही. चुकीचं काही चढलंच, तर क्लाउडफ्लेअरच्या पॅनलमध्ये जाऊन आधीच्या डिप्लॉयमेंटवर (आधी चढवलेल्या साइटवर) एका क्लिकमध्ये परतता येतं. हे फोनवरूनही होतं. फोन नंबर बदलण्यासारखं बारीक काम तर गिटहबवर ब्राउझरमध्येच फाइल उघडून उरकतं.

होस्टिंगचा खर्च शून्य. क्लाउडफ्लेअर पेजेसच्या मोफत योजनेत महिन्याला ५०० बिल्ड, एका साइटला २०,००० फाइल आणि एका फाइलला २५ एमबी अशी मर्यादा आहे. साध्या पानांना किती माणसं भेट देतात यावर बंधन नाही. शारदीय नवरात्रात तुळजापूरच्या एखाद्या लॉजच्या साइटवर एकदम गर्दी झाली, तरी बिल वाढत नाही. पंधरा-वीस ग्राहक एकाच खात्यावर असतील तर प्रत्येक स्वल्पविरामाला पुश करण्याची सवय मोडा, म्हणजे ५०० बिल्ड आरामात पुरतात. ‘गिटहब पेजेसही मोफत आहे की’ असं बरेच जण म्हणतात. पण धंद्याच्या साइटसाठी फुकटचं होस्टिंग म्हणून ते वापरायला त्यांच्या नियमांतच मनाई आहे. ग्राहकाकडून पैसे घेऊन त्याची साइट तिथे ठेवू नये.

मांडणी अशी. गिटहबवर खाजगी रिपॉझिटरी (प्रकल्पाचं फोल्डर) करा, क्लाउडफ्लेअरच्या पॅनलमधून ती जोडा, बिल्ड कमांड ह्यूगोची आणि आउटपुट फोल्डर ‘पब्लिक’. नव्या प्रकल्पाला हल्ली पॅनल वर्कर्स या क्लाउडफ्लेअरच्याच दुसऱ्या सेवेकडे वळवतं. साधी साइट तिथेही चालते. फाइल थेट ओढून टाकण्याचा मार्ग सोपा वाटेल, पण तसा सुरू केलेला प्रकल्प नंतर गिटला जोडता येत नाही, नवा करावा लागतो.

अडचणी ठरलेल्या जागी येतात. लॅपटॉपवर छान चालणारी साइट तिकडे बिल्डच होत नाही, याचं नेहमीचं कारण म्हणजे तिकडची ह्यूगोची आवृत्ती वेगळी असते. पॅनलमधल्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (बिल्डच्या सेटिंगमध्ये) आपल्या लॅपटॉपवरचा आवृत्ती क्रमांक लिहून टाकला की प्रश्न मिटतो. नवं पान दिसतच नसेल, तर आधी पानाच्या सुरुवातीच्या माहितीत ‘ड्राफ्ट’ (कच्चा मसुदा) ‘ट्रू’ आहे का बघा, मग तारीख बघा. तारखेसोबत टाइमझोन नसेल तर ह्यूगो ती वेळ यूटीसी (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) धरतो आणि भविष्यातली पानं वगळतो. सकाळी ९ ची वेळ टाकून ९ वाजून ५ मिनिटांनी पुश केलं, तर ते पान दुपारी अडीचनंतरच्या बिल्डमध्येच उगवतं. कॉन्फिगमध्ये (साइटच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ केला की हा त्रास कायमचा संपतो.

ग्राहकाचं जुनं डोमेन जोडताना सर्वांत जास्त जपायला हवं. मुख्य डोमेनसाठी नेमसर्व्हर (डोमेन कुठे न्यायचं ते सांगणारे सर्व्हर) क्लाउडफ्लेअरकडे वळवावे लागतात, आणि डोमेनवर ईमेल चालू असेल तर त्याचे एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठे पोचवायची ते सांगणाऱ्या नोंदी) आधी उतरून घ्यावे लागतात. क्लाउडफ्लेअर जुने रेकॉर्ड शोधून आणतं, पण एखादा सुटू शकतो. तो सुटला की साइट झकास दिसते आणि जालन्यातल्या बियाणे कंपनीची मेल मुकाट्याने बंद पडते. जुन्या पॅनलचा स्क्रीनशॉट काढून एकेक ओळ ताडून बघा, मगच नेमसर्व्हर बदला. बदल पसरायला २४ तास लागू शकतात, म्हणून हे काम लांबच्या प्रवासाच्या आदल्या दिवशी काढू नका.

मराठी साइटसाठी दोन गोष्टी विसरू नका. कॉन्फिगमध्ये भाषा मराठी द्या आणि ती थीमच्या एचटीएमएल टॅगमध्ये खरोखर उतरते का ते तपासा, कारण कित्येक थीममध्ये इंग्रजी ठोकून बसवलेली असते. भाषा बरोबर असेल तर नोटो सान्स देवनागरीसारखा फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दाखवतो, नाहीतर हिंदी वळणाचे. लातूरच्या क्लासच्या फलकावर असतो तसा ‘ल’ साइटवर दिसला की ग्राहकाला ती आपली वाटते. दुसरी गोष्ट, पानाचा स्लग (पत्त्यातला पानाच्या नावाचा भाग) रोमन लिपीत ठेवा. देवनागरी पत्ता व्हॉट्सअॅपवर पाठवला की एका अक्षरचिन्हाची %ने सुरू होणारी नऊ रोमन चिन्हं होतात. नुसत्या ‘पैठणी’ शब्दाची ४५.

पैठणीचा विषय निघालाच आहे तर फोटोंचंही सांगायला हवं. दुकानदार व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवतो तेव्हा तो दाबला जातो. पदरावरच्या मोराचं जरीकाम चिखलासारखं एक होतं, काठाची नारळी ओळखू येत नाही. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. मग ती ४-५ एमबीची फाइल १६०० पिक्सेल रुंदीला आणून २०० केबीच्या आसपास बसवा, आणि हे कमिट करण्याआधी करा. मूळ फोटो एकदा गिटमध्ये गेला की नंतर काढला तरी इतिहासात राहतो, आणि लॅपटॉप बदलल्यावर मोबाइल डेटावर सगळं पुन्हा उतरवताना त्याची किंमत मोजावी लागते.

संपर्काच्या फॉर्मला मागे सर्व्हर लागतो, तो या मांडणीत नाही. त्याऐवजी व्हॉट्सअॅपची लिंक द्या: पुढे ९१ आणि दहा आकडी नंबर, अधिकचं चिन्ह किंवा शून्य नको. आपल्याकडचं गिऱ्हाईक फॉर्म भरण्यापेक्षा तिथेच आधी बोलतं. लाइटीचं म्हणाल, तर २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ७४ वॉट-तास, हाती पन्नासएक लागतात. ह्यूगोचं काम हलकं असल्याने साध्या लॅपटॉपला तेवढ्यात चारेक तास निघतात. पॉवर बँक ६५ वॉट पीडीची (यूएसबी-सीवरून लॅपटॉप चार्ज करणारी) मात्र हवी.

आता नको कुठे ते. मोंढ्यातल्या अडत्याला रोज सकाळी सोयाबीनचा भाव स्वतः टाकायचा असेल, किंवा लॉजला खोल्यांचं आगाऊ बुकिंग पैशांसकट घ्यायचं असेल, तर वर्डप्रेसच घ्या आणि त्याच्या देखभालीचे पैसे वेगळे लावा. ह्यूगोवर डेकॅप सीएमएस (ब्राउझरमधून मजकूर बदलण्याची सोय) बसवता येतं, पण त्याच्या लॉगिनसाठी वेगळा वर्कर (क्लाउडफ्लेअरवर चालणारा छोटा प्रोग्रॅम) उभा करावा लागतो आणि दुकानदाराला गिटहबचं खातं काढून द्यावं लागतं. महिन्याला दोन-चार बदल असणारे क्लास, दवाखाने, कृषी पर्यटन, साडीची दुकानं, वकील-सीए यांच्यासाठी मात्र ही जोडी डोळे झाकून घ्यावी. होस्टिंग फुकट असलं तरी काम फुकट नाही. साइट बनवण्याची रक्कम एकदा आणि बदल-देखभालीची वार्षिक रक्कम वेगळी, असं कोटेशनमध्येच लिहा. डोमेन ग्राहकाच्या नावावर, त्याच्याच ईमेल आणि मोबाइलवर घ्या, म्हणजे नूतनीकरणाचा ओटीपी आपण कुठल्या गावात आहोत यावर अडून राहत नाही.