छोट्या अमेरिकन लिबरल आर्ट्स कॉलेजात दहा महिने: राहून आलेला अनुभव

मी मूळची सांगलीची. ऑगस्ट २०२४ मध्ये आयोवा राज्यातल्या एका छोट्या निवासी कॉलेजात पहिल्या वर्षाला आले. हे लिहितेय ते जून २०२५ मध्ये. दोन सेमिस्टर झाल्या, एक अख्खा हिवाळा काढला. इथे येण्याआधी मी मराठीत असं काही वाचायला मिळतंय का ते खूप शोधलं. सापडलं ते सगळं एमएसला जाणाऱ्यांसाठीचं. बारावीनंतर, तेही मक्याच्या शेतांमधल्या लहानशा गावात जाणाऱ्यासाठी काही नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितेय. कॉलेजचं नाव मुद्दाम देत नाही.

आधी 'आर्ट्स' या शब्दाबद्दल. आत्याने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला वाईट वाटलं होतं, "एवढे मार्क पडून आर्ट्सला?" लिबरल आर्ट्स म्हणजे आपली कला शाखा नव्हे. गणित, भौतिकशास्त्र, कम्प्युटर सायन्स, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान, संगीत हे सगळं एकाच छताखाली असतं आणि आपला मुख्य विषय, म्हणजे मेजर, दुसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत ठरवायचा असतो. मी पहिल्या वर्षात कॅल्क्युलस, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, कम्प्युटर सायन्सचा पहिला कोर्स आणि मातीची भांडी घडवण्याचा एक कोर्स केला. मोठ्या विद्यापीठांत पुष्कळदा वर्ग घेणारे पीएचडीचे विद्यार्थी इथे नसतातच, त्यामुळे वर्गावर प्रत्येक तासाला प्राध्यापक स्वतः येतात.

कॉलेजात सगळे मिळून सोळाशे विद्यार्थी आहेत. मला जे काही आवडलं आणि जे काही जड गेलं, त्यातलं बहुतेक सगळं या एका आकड्यातून आलंय.

पहिल्या सेमिस्टरच्या सेमिनारला आम्ही चौदा जण होतो, एका लांबट टेबलाभोवती. सांगलीत माझ्या क्लासच्या एका बॅचला दोनशे मुलं असायची. मी दोन वर्षं तिथे बसले आणि सरांना माझं नाव माहीत नव्हतं. इथे तिसऱ्या दिवशी प्राध्यापिकांनी विचारलं, "तू काल गप्प होतीस, तुला हे पटलं नव्हतं का?" मला खरंच पटलं नव्हतं. पण पटलं नाही हे शिक्षकांना सांगायचं असतं, हेच मला ठाऊक नव्हतं. पहिला निबंध मी बोर्डाच्या उत्तरासारखा लिहिला होता: व्याख्या, मुद्दे, उपमुद्दे, खाली रेघ. तो परत आला तेव्हा शेवटी एकच ओळ होती, "हे सगळं बरोबर आहे, पण तुझं म्हणणं कुठे आहे?" मी ऑफिस अवर्सला गेले. हे तास प्राध्यापक फक्त विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवतात. मला वाटायचं, तिथे नापास होणारी मुलंच जातात. तो गैरसमज माझे पाच आठवडे खाऊन गेला. त्यानंतर दर मंगळवारी गेले. एका परिच्छेदावर आम्ही चाळीस मिनिटं बोललो आहोत. वाक्य कुठे अडतंय ते त्या मला मोठ्याने वाचायला लावून दाखवायच्या. दहा महिन्यांत मला मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणाल तर हीच.

त्याच आकड्याची दुसरी बाजू कम्प्युटर सायन्समध्ये कळली. इथे येणारी आपल्याकडची निम्मी मुलं तो विषय मनात धरून येतात, पण शिकवणारे मोजके असतात. जानेवारीच्या सेमिस्टरला दुसऱ्या कोर्सच्या दोनच तुकड्या होत्या. मी वेटलिस्टवर सातवी होते, चौथ्या नंबरपर्यंत घेतले. पुढची सगळी साखळी एका सेमिस्टरने मागे सरकली. मोठ्या विद्यापीठात गर्दी असते, पण तिथे तुकड्याही जास्त असतात. या गोष्टीचा मला अजून राग आहे, कारण प्रवेशाच्या माहितीपत्रकात 'हवं ते शिका' असं मोठ्या अक्षरांत छापलं होतं.

एकच डायनिंग हॉल. ऑक्टोबरमध्ये रूममेटशी माझं बिनसलं. झोपायच्या वेळा जुळत नव्हत्या, पुढे बोलणंच बंद झालं. एवढ्या छोट्या कॉलेजात ज्याच्याशी बोलत नाही तो माणूस दिवसातून तीनदा समोर ताट घेऊन उभा असतो, आणि आपल्या टेबलावरच्या सगळ्यांना काय झालंय ते माहीत असतं. नोव्हेंबरमध्ये मी सलग दोन तास बुडवले, तर संध्याकाळी ॲडव्हायझरचा, म्हणजे मला मार्गदर्शनासाठी नेमून दिलेल्या प्राध्यापकांचा, मेल आला, सगळं ठीक आहे ना? त्या रात्री तो मेल वाचून मला रडू आलं, आधार वाटला म्हणून. मार्चमध्ये असाच मेल आला तेव्हा मात्र गुदमरल्यासारखं झालं. समुपदेशकाची वेळ मागितली तर दोन आठवड्यांनंतरची मिळाली, आणि एका सेमिस्टरला किती भेटी यावर मर्यादा होती. मदतीची गरज वाटली तर पहिल्याच दिवशी नाव नोंदवा. "बघू, पुढच्या आठवड्यात बरं वाटेल" म्हणून थांबू नका. मी थांबले आणि त्याचा त्रास मलाच झाला.

जेवणाबद्दल थोडक्यात: शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण रात्रीचं जेवण साडेसातला बंद होतं. सातारी ठेचा घेऊन या.

हिवाळ्याबद्दल थंडीपेक्षा अंधार सांगायला हवा. डिसेंबरमध्ये पावणेपाचला काळोख पडतो. ३ नोव्हेंबरला इथल्या नियमाप्रमाणे सगळ्यांची घड्याळं तासाने मागे गेली आणि घराशी असलेलं वेळेचं अंतर साडेदहा तासांवरून साडेअकरावर गेलं. ऐकायला एक तास, पण आईचा सकाळच्या चहाचा वेळ आणि माझा संध्याकाळचा तास यांची जी गाठ ऑगस्टपासून पडत होती ती सुटली. तेव्हा ती चहा घ्यायची आणि मी जेवून येऊन बसलेली असायचे. नोव्हेंबरपासून त्याच वेळी माझी संख्याशास्त्राची लॅब सुरू व्हायची. मार्चमध्ये घड्याळं पुन्हा पुढे गेली तोवर आम्ही फक्त रविवारी बोलण्यावर आलो होतो.

आता ज्याबद्दल कुणीच आधी बोलत नाही ते: सुट्ट्या. डिसेंबरच्या मध्यापासून जवळपास महिनाभर आमची वसतिगृहं बंद होतात. डायनिंग हॉलही. घरी न जाणाऱ्यांनी आधी अर्ज करायचा, मग सगळ्यांना एका इमारतीत हलवतात. अर्जाची तारीख एका लांबलचक मेलच्या तळाशी होती. माझ्या शेजारच्या खोलीतल्या नेपाळी मुलीची ती चुकली आणि तिला दहा दिवस ओळखीपाळखीत काढावे लागले. मी राहिले. पाच मजली इमारतीत आम्ही एकोणीस जण, एक स्वयंपाकघर, आणि किराणा दुकान बर्फातून पंचवीस मिनिटं चालत. गावात बस नाही. भारतीय किराणा राज्याच्या राजधानीत, देमॉइनला, गाडीने तासाभरावर. मूगडाळ संपल्यावर चार दिवस अंडी-भात खाल्ला. राहण्या-जेवणाचे पैसे वर्षाचे म्हणून सांगितले जातात, पण त्यात हा महिना धरलेला नसतो, हे मला पैसे भरल्यावर कळलं.

त्या सुट्टीत माझी होस्ट फॅमिली मला घेऊन गेली नसती तर काय केलं असतं, माहीत नाही. गावातली कुटुंबं परदेशी विद्यार्थ्यांना अशी सोबत करतात; छोट्या गावात ती सोय छान जमते. त्या घरचे काका सत्तरीचे, मका आणि सोयाबीन करतात. मक्याच्या उत्पादनात आयोवा अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर आहे, त्यामुळे तिथे सगळ्या गप्पा पाऊस आणि भाव यांच्याच. माझे बाबा तासगावला द्राक्षं आणि थोडं सोयाबीन करतात. नाताळच्या दिवशी मी दोघांना व्हिडिओवर बोलतं केलं, मध्ये मी दुभाषी. दोघांची तक्रार एकच निघाली: भाव पडला आहे आणि खत महाग झालंय. बाबांनी विचारलं, एकरी किती पडतं? काकांनी बुशेलमध्ये सांगितलं, मी क्विंटल करून दिले. बाबा बराच वेळ गप्प होते.

पैशांचं जरा नीट वाचा. अशा बऱ्याच कॉलेजांचा वर्षाचा छापील खर्च ऐंशी हजार डॉलरच्या पुढे आहे. तो आकडा बघून घाबरू नका. मदत मिळते, पण कशी मिळते ते कॉलेजगणिक बदलतं. ॲमहर्स्ट, बोडिन यांच्यासारखी मोजकी कॉलेजं परदेशी विद्यार्थ्याचा प्रवेश ठरवताना त्याची ऐपत बघत नाहीत. बाकी बहुतेक बघतात, म्हणजे जास्त मदत मागितली की प्रवेश अवघड होतो. दुसरं, शिष्यवृत्तीतला फीचा भाग करमुक्त, पण राहण्या-जेवणासाठी दिलेला भाग इथल्या कायद्याने उत्पन्न धरला जातो आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावाल्यांचा त्यावर १४ टक्के कर आधीच कापला जातो. माझ्या खात्यावर ती रक्कम अचानक देणं म्हणून दिसली तेव्हा हात थरथरले होते. पण भारत-अमेरिका कर करारातल्या २१ व्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून सरसकट वजा होणारी ठरावीक रक्कम, मिळतं; २०२४ साठी ते १४,६०० डॉलर होतं. बाकीच्या बहुतेक देशांच्या मुलांना ते मिळत नाही. १५ एप्रिलच्या आत १०४०-एनआर हा परदेशी लोकांसाठीचा कर विवरणाचा फॉर्म भरला आणि कापलेला केंद्रीय कर सगळा परत मिळाला. हे मला कुठल्या ऑफिसने सांगितलं नाही, हैदराबादच्या तिसऱ्या वर्षातल्या एका ताईने सांगितलं.

कॅम्पसवर सेमिस्टरमध्ये आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येतं. आयोवात किमान वेतन अजून ७.२५ डॉलर तासाला आहे. मी लायब्ररीत काम करते.

या लायब्ररीबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. इमारत लहान आहे, पण इंटरलायब्ररी लोनने देशातल्या दुसऱ्या ग्रंथालयांतलं पुस्तक मागवता येतं, फुकट. फेब्रुवारीत मराठी वाचायची इतकी भूक लागली की मी सहज एक जुना कथासंग्रह मागवला. नऊ दिवसांत शिकागोहून आला, १९६७ साली पुण्यात छापलेला, आत शिक्का: पीएल ४८०. मी शोधलं. पीएल ४८० हा अमेरिकेचा १९५४ चा कायदा; त्याखाली भारताला विकलेल्या धान्याचे रुपये साठत होते. त्यातल्या काही रुपयांतून १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाने, दिल्लीत कार्यालय चालवून अमेरिकी ग्रंथालयांसाठी भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेतली. आजीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "तो लाल गहू होय? रेशनला मिळायचा. चपाती वातड व्हायची, पण खाल्ली आम्ही." तिच्या ताटातल्या त्या गव्हाच्या पैशांतून घेतलेलं मराठी पुस्तक माझ्या मांडीवर होतं, बाहेर बर्फ पडत होता. मी ते दोनदा रिन्यू केलं.

एप्रिलमध्ये वातावरण एकदम बदललं. देशभर परदेशी विद्यार्थ्यांच्या सेविस या सरकारी यंत्रणेतल्या नोंदी अचानक रद्द होऊ लागल्या. पुढे कोर्टात दावे झाले आणि महिन्याच्या शेवटी त्या परत सुरू करत असल्याचं सरकारने सांगितलं. आम्हाला सल्ला आला, गरज नसेल तर देशाबाहेर जाऊ नका. मी मे महिन्याचं तिकीट रद्द केलं. आईला सांगायला दोन दिवस लागले. या काळात छोटं कॉलेज उपयोगी पडलं. इंटरनॅशनल ऑफिसमधल्या बाई रोज सकाळी आमच्या प्रत्येकाची नोंद स्वतः तपासत होत्या, आणि माझ्या सेमिनारच्या प्राध्यापिकांनी विचारलं, उन्हाळ्यात माझ्यासोबत संशोधनाचं काम करशील का? पगारी काम. म्हणून मी इथेच आहे.

मामेभाऊ यंदा बारावीला आहे. मामी विचारतायत, पाठवू का. मी त्याला लिहिलंय: कॉलेजला थेट मेल करून विचार, की डिसेंबरच्या सुट्टीत मी कुठे राहीन आणि काय खाईन. कम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या कोर्सला गेल्या वर्षी किती मुलं वेटलिस्टवर राहिली. अर्थशास्त्राची पदवी स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) धरतात का, कारण त्यावर ओपीटीची, म्हणजे शिक्षणानंतर इथे काम करायच्या परवानगीची, १२ महिन्यांनंतरची आणखी २४ महिन्यांची मुदत अवलंबून आहे. आणि कॉलेजची आर्थिक गंगाजळी किती; याच राज्यातली १८४२ साली सुरू झालेली आयोवा वेस्लियन २०२३ मध्ये बंद पडली, तिथल्या मुलांना अर्ध्यात दुसरीकडे जावं लागलं. तीन कॉलेजांना त्याने मेल केले. एकाचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, खाली माणसाचं नाव आणि फोन नंबर होता. मी त्याला म्हटलं, त्या नंबरवर फोन कर.