बारा व्होल्टच्या जीपचं वायरिंग किट: चांगलं आहे, पण बहुतेकांना लागत नाही

मुलांच्या बॅटरीवाल्या जीप-कारसाठी ऑनलाइन 'कम्प्लीट किट' मिळतं. त्यात रिसीव्हरची डबी (रिमोटचा सिग्नल घेऊन मोटर चालवणारं सर्किट), रिमोट, पेडल, पुढे-मागे करायचा स्विच, ऑन-ऑफ बटण, चार्जिंग सॉकेट आणि तयार वायरिंग असतं. हजार-दीड हजाराच्या आसपास पडतं आणि काम ठीक करतं. तरीही मागवण्याआधी दहा मिनिटं मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं मीटर) हातात घ्या, कारण गाडी बंद पडते ती बहुतेक वेळा बॅटरीमुळे.

पूर्ण चार्ज करून दोन-तीन तास तशीच ठेवलेली 12 व्होल्टची बॅटरी 12.7 च्या आसपास दाखवते. या आकड्यावर मात्र विसंबू नका, मेलेली बॅटरीसुद्धा तो दाखवू शकते. मुलाला गाडीत बसवून पेडल दाबायला सांगा आणि तेव्हाचं व्होल्टेज बघा. 11 च्या वर टिकलं तर बॅटरी ठणठणीत. 10 च्या खाली कोसळलं तर बदलायलाच हवी. पावसाळाभर चार्ज न करता गॅलरीत पडून राहिलेल्या गाडीचं हेच होतं. प्लेटांवर सल्फेट जमतं आणि मग कितीही चार्ज करा, दोन फेऱ्यांत दम संपतो.

नवी बॅटरी 'टॉय बॅटरी' म्हणून शोधायची गरज नाही. 12 व्होल्ट 7 एएचची (अँपियर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) बॅटरी म्हणजे कॉम्प्युटरच्या यूपीएसमधलीच. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, नाहीतर गावातल्या यूपीएसवाल्याकडे मिळते. तिचं माप 151 × 65 × 94 मिमी. जुनी 4.5 एएचची असेल तर ती 90 × 70 × 101 असते, म्हणजे 7 एएचची त्याच खाचेत बसेलच असं नाही. आधी पट्टी लावा.

बॅटरी चांगली निघाली तर पेडल दाबून मोटरच्या प्लगवर व्होल्टेज मोजा. तिथे 12 च्या आसपास येत असूनही चाक हलत नसेल तर दोष मोटरचा किंवा गिअरबॉक्सचा. मोटर बॅटरीला क्षणभर थेट जोडून खात्री करा, फिरलीच नाही तर तीच गेली. मोटर फिरते, टकटक आवाज येतो, पण चाक जागचं हलत नाही, म्हणजे गिअरबॉक्सचे दात गेले. प्लगवर काहीच येत नसेल तर आधी फ्यूज, मग पेडलचा स्विच आणि चार्जिंग सॉकेट तपासा. बऱ्याच गाड्यांत चार्जरची पिन आत असताना गाडी चालू नये म्हणून सॉकेटमध्येच एक तोड, म्हणजे पिन घातली की करंट तोडणारी पत्ती, असते. तिची पत्ती दमट हवेने हिरवी पडली की अख्खी गाडी मेल्यासारखी वाटते आणि लोक डबी बदलून मोकळे होतात. हे सगळं ठीक असेल तरच डबी जळाली समजा आणि किट मागवा.

किटची जमेची बाजू म्हणजे सॉफ्ट स्टार्ट. गाडी झटक्याने न सुटता हळूहळू वेग घेते, त्यामुळे प्लॅस्टिकचे गिअर टिकतात. रिमोटवरचं थांबवण्याचं बटणही कामाचं. उणी बाजू वायरिंगची. बॅटरीकडच्या वायरी बारीक, लग (वायरींच्या टोकाच्या धातूच्या क्लिपा) ढिले, आणि फ्यूज कधी असतो कधी नसतो. त्या वायरी काढून 1.5 स्क्वेअर एमएमच्या टाका, लगांना सोल्डरचा डाग द्या आणि बॅटरीच्या प्लस टोकाजवळ 20 अँपियरचा ब्लेड फ्यूज बसवा. दोन '550' मापाच्या मोटर असलेली गाडी कठड्याला अडली की करंट एकदम चढतो. फ्यूज नसेल तर नवी डबीसुद्धा जाते. वायरींच्या रंगांवर भरवसा ठेवू नका, डबीवर छापलेल्या खुणा बघूनच जोडा. बॅटरी उलटी लागली तर डबी बहुधा वाचत नाही.

माहितीपत्रक नावालाच असतं. रिमोट जुळवायला आधी गाडी बंद ठेवा, रिमोटचं पेअरिंग बटण दिवा भराभर लुकलुकेपर्यंत दाबून धरा आणि मग गाडी चालू करा. मागची दोन चाकं उलटसुलट फिरली तर घाबरू नका. मोटरी समोरासमोर बसवलेल्या असतात, त्यामुळे चुकीच्या दिशेने फिरणाऱ्या मोटरच्या दोन वायरी अदलाबदल केल्या की झालं. गाडीत स्टिअरिंगची मोटर नसेल तर तो प्लग मोकळा सोडून त्यावर टेप गुंडाळा.

6 व्होल्टच्या गाडीला हे किट लावू नका. त्यासाठी 12 ची बॅटरी घालायचा मोह होतो, गाडी जोरात पळतेही, पण थोड्याच दिवसांत मोटर तापून जळते नाहीतर दात तुटतात.

चार्जर किटमध्ये बहुधा नसतो. जुना 1000 एमएचा (म्हणजे 1 अँपियरचा) असेल तर 7 एएचच्या रिकाम्या बॅटरीला आठ ते दहा तास पुरतात. हे चार्जर बॅटरी भरल्यावर सहसा आपोआप चार्जिंग तोडत नाहीत, त्यामुळे रात्री लावला तर सकाळी आठवणीने काढा.