'दे वर्क फॉर यू': माजी ब्रिटिश खासदाराच्या मतांची नोंद मुंबईत बसून तपासताना

ब्रिटनच्या एखाद्या माजी खासदाराने इराक युद्धावर, विद्यापीठांच्या शुल्कवाढीवर किंवा युरोपीय संघ सोडण्यावर मत कुठे टाकले हे तपासायचे, तर 'दे वर्क फॉर यू' या संकेतस्थळाइतकी हाताशी येणारी दुसरी सेवा नाही. २००४ मध्ये स्वयंसेवकांनी ती सुरू केली आणि पुढे ती मायसोसायटी या धर्मादाय संस्थेकडे आली. वाचायला पैसे लागत नाहीत, खाते उघडावे लागत नाही. लंडनच्या घडामोडींवर मराठीत लिहिणाऱ्या पत्रकारांनी आणि मुंबई विद्यापीठात, कलिन्याला राज्यशास्त्र शिकणाऱ्या मुलांनी ती जरूर वापरावी. मात्र खासदाराच्या नावाखाली जे एका ओळीचे सार दिसते, तेवढेच उचलून बातमी किंवा प्रकल्प लिहिला तर हमखास घोटाळा होतो.

पहिल्या पानावरची चौकट पोस्टकोड मागते. माजी खासदार शोधताना त्याचा उपयोग नाही, कारण पोस्टकोडवर आजचा खासदार येतो. तिथे सरळ नाव टाइप करावे. निवृत्तीनंतर लॉर्ड्स या वरिष्ठ सभागृहात गेलेल्यांचे नाव बदलते, हे लक्षात ठेवावे. केनेथ क्लार्क १९७० ते २०१९ रशक्लिफचे खासदार होते. २०२० पासून ते लॉर्ड क्लार्क ऑफ नॉटिंगहॅम. दोन्ही नावांनी शोध घ्यावा, आणि पान उघडल्यावर आधी मतदारसंघ व वर्षे जुळतात का ते पाहावे. एकाच नावाचे दोन-तीन खासदार सहज निघतात. मतांची नोंद साधारण १९९७ पासूनची आहे. म्हणजे क्लार्क यांच्या जवळजवळ पन्नास वर्षांतली पहिली सत्तावीस, पंतप्रधान थॅचर आणि मेजर यांच्या मंत्रिमंडळातला सगळा काळ धरून, या साराच्या बाहेर राहतात. सार वाचताना हे वर तारखेसह लिहून घेतलेले बरे.

पानावरून मतदानाच्या नोंदीवर गेले की विषय दिसतात, विषयाखाली धोरणे, आणि प्रत्येक धोरणासमोर एक शेरा: सातत्याने बाजूने, जवळजवळ नेहमी बाजूने, साधारणतः बाजूने, संमिश्र, विरोधाचेही तसेच. हे शेरे कुणा संपादकाचे मत नसते, गणितातून येतात. धोरणाशी खासदाराचे अंतर, म्हणजे पूर्ण साथीपासून तो किती दूर, ५ टक्क्यांच्या आत असले तर 'सातत्याने', ५ ते १५ टक्के 'जवळजवळ नेहमी', १५ ते ४० 'साधारणतः', ४० ते ६० 'संमिश्र'.

अंतर कसे काढत, ते एकदा हाताने करून पाहावे. हा हिशेब पब्लिक व्हिप या स्वयंसेवी प्रकल्पातून आला, आणि जुन्या लेखांत किंवा समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या तक्त्यांत जे शेरे भेटतात ते त्यातूनच निघालेले. महत्त्वाच्या मतविभागणीत (नावनिहाय नोंदलेल्या मतदानात) धोरणाच्या बाजूने मत दिले तर ५० पैकी ५० गुण, विरोधात दिले तर ०, गैरहजर राहिले तर ५० पैकी २५. साध्या मतविभागणीत बाजूने १० पैकी १०, विरोधात ०, आणि गैरहजर असल्यास २ पैकी १. समजा एका धोरणाखाली दोन महत्त्वाच्या आणि तीन साध्या मतविभागण्या आहेत. खासदाराने एका महत्त्वाच्या आणि दोन साध्या वेळी बाजूने मत दिले, उरलेल्या दोन वेळा तो सभागृहात नव्हता. गुण झाले ५० + २५ + १० + १० + १ = ९६, एकूण १२२ पैकी. म्हणजे ७८.७ टक्के, अंतर २१.३, शेरा 'साधारणतः'. तोच खासदार त्या एका महत्त्वाच्या दिवशी हजर असता तर १२१ गुण, ९९ टक्क्यांवर, आणि शेरा 'सातत्याने'. एकदाही विरोधात मत न देता माणूस दोन पायऱ्या खाली आला. त्याच्या विचारांत काहीच फरक पडलेला नाही.

आणि गैरहजेरीची कारणे अनेकदा अगदी साधी असतात. २९ ऑगस्ट २०१३ ला सीरियातल्या लष्करी कारवाईवरचा सरकारी ठराव २७२ विरुद्ध २८५ असा पडला. जस्टिन ग्रीनिंग आणि मार्क सिमंड्स हे दोघे मंत्री सभागृहाजवळच्याच खोलीत चर्चा करत होते. घंटा ऐकू न आल्याने त्यांचे मत राहून गेले. तिथे बाजूने आणि विरोधात अशा दोन वेगळ्या दारांतून जाऊन मत देतात; मतदानाची घंटा वाजल्यापासून ही दारे बंद होईपर्यंत आठ मिनिटे मिळतात. दोघेही आता माजी खासदार आहेत, आणि यादीत दोघांपुढे फक्त गैरहजेरी आहे.

दुसरे कारण 'पेअरिंग'. सरकारी बाजूचा एक आणि विरोधी बाजूचा एक, दोघांनी आपसात ठरवून मत द्यायचे नाही. कुठेही नोंद होत नाही, दोघेही गैरहजर दिसतात. जुलै २०१८ मध्ये जो स्विन्सन प्रसूती रजेवर असताना पेअरिंगमधल्या त्यांच्या समोरच्या बाजूच्या खासदाराने ठरल्याविरुद्ध मत टाकले आणि मोठा गदारोळ झाला. त्यानंतर जानेवारी २०१९ पासून प्रॉक्सी मतदान (आपले मत दुसऱ्या खासदारामार्फत टाकणे) आले. म्हणून २०१९ च्या आधी मूल झालेल्या खासदार महिलांच्या नोंदीतली गैरहजेरी वाचताना तारीख पाहिल्याशिवाय काहीच लिहू नये. प्रॉक्सीने पडलेले मत हॅन्सार्डच्या (संसदेच्या अधिकृत कामकाज-वृत्तांताच्या) यादीत तसे नमूद करून छापतात, कुणी टाकले त्याच्या नावासह.

तिसरे, मोजणीदार. प्रत्येक बाजूचे दोन खासदार मते मोजतात. त्यांची नावे यादीखाली वेगळी येतात आणि बेरजेत धरत नाहीत, पण त्यांची बाजू स्पष्ट असते. ४९८ विरुद्ध ११४ असा निकाल असेल तर नावे ५०० आणि ११६ निघतात. बेरीज जुळत नाही म्हणून यादीच चुकीची ठरवू नये. क्वचित एकच नाव दोन्ही याद्यांत सापडते. दोन्ही दारांतून जाऊन आपण हजर आहोत पण तटस्थ आहोत हे दाखवण्याची ती तिथली जुनी रीत आहे.

सगळ्यात जास्त माणसे फसतात ती दुरुस्तीच्या मतावर. १८ मार्च २००३ ला इराकवर एकाच रात्री दोन मतविभागण्या झाल्या. आधी, युद्धाची गरज अजून सिद्ध झालेली नाही, अशी दुरुस्ती आली; ती २१७ विरुद्ध ३९६ अशी पडली. मग मूळ सरकारी ठराव ४१२ विरुद्ध १४९ ने मंजूर झाला. दुरुस्तीच्या 'बाजूने' मत म्हणजे युद्धाला विरोध, ठरावाच्या 'बाजूने' मत म्हणजे युद्धाला पाठिंबा. कुणी नुसते 'बाजूने' वाचले तर अर्थ उलटा लागतो. कुणी फक्त १४९ चा आकडा घेतला तर दुरुस्तीला साथ देऊन नंतर दुसऱ्या मताला न थांबलेले खासदार निसटतात. क्लार्क हुजूर पक्षाचे असूनही दुरुस्तीच्या बाजूने गेले होते. हे कळायला धोरणावर टिचकी मारून मतविभागणीच्या पानापर्यंत आणि तिथून ठरावाच्या मूळ शब्दांपर्यंत जावेच लागते. या सेवेची खरी किंमत त्या खालच्या पानांत आहे, आणि तिथे ती उत्तम काम करते: ठराव, दोन्ही याद्या आणि त्या दिवशीची भाषणे एका टिचकीच्या अंतरावर.

क्लार्क यांचेच युरोपवरचे मतदान पाहा. १ फेब्रुवारी २०१७ ला युरोपीय संघ सोडण्याचे कलम ५० लागू करण्याच्या विधेयकाचे दुसरे वाचन ४९८ विरुद्ध ११४ ने मंजूर झाले. हुजूर पक्षातून विरोधात गेलेले ते एकटेच. पण १५ जानेवारी २०१९ ला थेरेसा मे यांचा बाहेर पडण्याचा करार २०२ विरुद्ध ४३२ असा फेटाळला गेला, तेव्हा ते करार हवा म्हणणाऱ्या २०२ मध्ये होते. मग १ एप्रिलला सीमाशुल्क संघाचा त्यांचा स्वतःचा ठराव २७३ विरुद्ध २७६, म्हणजे तीन मतांनी गेला. बाहेर पडायला विरोध, आणि पडायचेच असेल तर करार करूनच, ही भूमिका पूर्ण सुसंगत आहे. पण 'संघात राहण्याच्या बाजूने' अशा एकाच धोरणाच्या पट्टीवर ती धरसोडीची वाटते. अशा माणसासाठी शेरा वाचूच नये, तारखेच्या क्रमाने मते मांडावीत.

काही निर्णय तर कुणाच्याच नोंदीत नसतात. २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे लक्ष्य ठरवणारा आदेश जून २०१९ मध्ये कॉमन्स या कनिष्ठ सभागृहाने मतविभागणीविनाच मंजूर केला. अमुक माजी खासदाराचे त्यावर मत काय, याचे उत्तर या सेवेत सापडणार नाही. भाषण केले असेल तरच काही हाती लागेल.

खातरजमेसाठी संसदेची स्वतःची 'कॉमन्स व्होट्स' सेवा आहे. २०१६ पासूनच्या याद्या तिथे मिळतात, पक्षनिहाय गाळता येतात, आणि वर कुणाचा शेरा नसतो. त्याआधीच्या काळासाठी हॅन्सार्ड. मतविभागणीचा क्रमांक प्रत्येक अधिवेशनात पुन्हा १ पासून सुरू होतो, म्हणून संदर्भ देताना क्रमांकासोबत तारीख हवीच. तारखेचाही एक फेरा आहे. सोमवारी लंडनमध्ये रात्री दहाला झालेले मतदान मुंबईत मंगळवारी पहाटे साडेतीनला पडते, मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर अडीचला. आपल्याकडच्या बातमीतली तारीख घेऊन शोधले तर 'असे मतदान नाही' असे वाटते. एक दिवस मागे जाऊन पाहावे.

ही सेवा पाहिल्यावर आपल्या खासदारांसाठी असे का नाही, हा प्रश्न मुंबईत नेहमी निघतो. मोठे कारण तंत्रज्ञानाचे नाहीच. लोकसभेत बहुतेक निर्णय आवाजी मतदानाने होतात, त्यामुळे नावनिहाय नोंदच थोडी. शिवाय १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या, म्हणजे पक्षांतरबंदीच्या अनुसूचीनुसार, परवानगीशिवाय पक्षादेशाविरुद्ध मत दिले आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केले नाही, तर सदस्यत्व जाऊ शकते. तिकडे ३ सप्टेंबर २०१९ ला, क्लार्क यांच्यासह २१ जणांनी सरकारविरुद्ध मत दिले, सरकार ३०१ विरुद्ध ३२८ असे हरले, त्यांची पक्षातून हकालपट्टी झाली. खासदारकी मात्र शाबूत राहिली. बंड करता येते म्हणून नोंदीला अर्थ आहे. इथे संसदेच्या कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस या संस्थेकडे हजेरी, प्रश्न आणि खासगी विधेयके मोजलेली मिळतात, आणि मुंबईच्या आमदार-नगरसेवकांसाठी प्रजा फाउंडेशनची प्रगतिपुस्तके आहेत. कामाची आहेत, पण ती मोजतात वेगळेच काही.

राहिले मुंबईशी नाते असलेले जुने खासदार. फोर्टमधला ज्यांच्या नावाचा रस्ता रोज पायाखाली असतो ते दादाभाई नौरोजी १८९२ ते १८९५ फिन्सबरी सेंट्रलचे खासदार होते. त्यांच्या मतांसाठी ही सेवा निरुपयोगी आहे. जुन्या हॅन्सार्डचे संकेतस्थळ १८०३ पासूनचे आहे, पण त्यातल्या व्यक्तीच्या पानावर भाषणे मिळतात, मते नाहीत. त्या काळच्या खंडांत बऱ्याच मतविभागण्यांचे फक्त आकडे आणि यादीचा क्रमांक छापला आहे. सनदी सेवेची परीक्षा भारतात आणि इंग्लंडमध्ये एकाच वेळी घ्यावी, हा दादाभाईंनी उचलून धरलेला ठराव २ जून १८९३ ला ८४ विरुद्ध ७६ ने मंजूर झाला. परीक्षा भारतात यायला १९२२ उजाडले. अशा वेळी १८३६ पासून स्वतंत्रपणे छापल्या जाणाऱ्या मतविभागणी याद्याच गाठाव्या लागतात. शापुरजी सकलातवाला यांच्या बाबतीत काम सोपे आहे. ते बॅटरसी नॉर्थचे खासदार होते १९२२-२३ आणि १९२४ ते १९२९ या काळात, आणि १९०९ पासूनच्या हॅन्सार्ड मालिकेत नावनिहाय याद्या मजकुरातच आहेत. त्यात आडनाव आधी येते, आणि यंत्राने वाचलेल्या मजकुरात अक्षरे इकडची तिकडे झालेली असतात. म्हणून पूर्ण नावाऐवजी आडनावाचा सुरुवातीचा तुकडा टाकून शोधावे, आणि प्रत्येक नोंद मूळ पानाच्या छायाचित्राशी ताडून घ्यावी.